तार बांधणारे हिराजीदादा

हिराजीदादांच्या गॅरेजात चपला घालून गेलेलं चालायचं, पण डोळ्यांवर गॉगल चढवल्याशिवाय उंबरठा ओलांडायची सोय नव्हती. दाराशी खिळ्याला प्लास्टिकची एक टोपली टांगलेली असे. तीत सात-आठ पारदर्शक गॉगल, काहींना रबराऐवजी पायजम्याची नाडी बांधलेली. गाडीचा मालक असो, चहावाला असो की वर्गणी मागायला आलेलं मंडळ असो, आधी टोपलीत हात घालायचा, मग तोंड उघडायचं. एकदा वॉर्डातले एक पुढारी मतं मागायला आले आणि नाडीचा गॉगल लावून हात जोडून उभे राहिले. ते पाहून रस्त्यावरची माणसं हसली, तेव्हापासून ते पुन्हा काही फिरकले नाहीत. हिराजीदादांना त्याचं सुखदुःख नव्हतं.

पनवेलहून पळस्प्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. त्याला लागून त्यांचं गॅरेज. मधे एकच भिंत, तीही चार इंची. मी दुकान थाटलं त्या आठवड्यात पलीकडून असा काही कर्कश आवाज यायला लागला की समोर बसलेल्या आजोबांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणून मी तीनदा ओरडले आणि तिन्ही वेळा त्यांनी ‘जेवण झालं’ असं उत्तर दिलं. मी तणतणत पलीकडे गेले. दारातच एक हात आडवा आला.

“चष्मा घाला, ताई.”

“मला चष्मा नाही लागत. मी चष्मे विकते.”

“मंग तर घालाच. आनि भांडन आतमधी येऊन करा. उभ्यानं गला दुखंल.”

आयुष्यात पहिल्यांदा मी गॉगल लावून भांडले. अर्ध्यावर माझं भांडणातलं लक्षच उडालं, कारण ते काय करत होते ते मला दिसलं. शिकंज्यात एक छोटा बोल्ट उभा धरला होता आणि सुईएवढ्या ड्रिलने ते त्याच्या डोक्यात आरपार भोक पाडत होते. आधी खुणेचा एक ठोका, मग तेलाचा थेंब, मग ड्रिल, मग थांबायचं, पुन्हा तेल. मनगटात घाई म्हणून नाही. पोलादाचा चकचकीत भुगा उडत होता आणि माझ्या गॉगलवर टिकटिक आपटत होता. तो आवाज ऐकला आणि मी पुढचं वाक्य विसरले.

या भोकांचं काम काय, ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. जोरात पळणारी गाडी थरथरते, आणि थरथरीने बोल्ट हळूहळू सुटत जातो. म्हणून शर्यतीत उतरणाऱ्या मोटरसायकलींच्या ब्रेकचे, ऑइलचे बोल्ट असे आरपार विंधतात, त्यातून स्टीलची बारीक तार ओवतात, दोन पदर एकमेकांवर पिळतात आणि तार शेजारच्या बोल्टाला नेऊन बांधतात. बोल्ट सुटायला निघाला की तार ताणली जाते आणि त्याला परत आवळायच्या बाजूला खेचते. सगळं काम त्या बाजूत आहे. तीच तार डोक्याच्या उलट अंगाने वळवली तर ती दिसते अगदी तशीच, पिळाला पीळ, पण धरत काहीच नाही. उलट बोल्टाला सुटायला हातभार लावते. पनवेलमध्ये हे काम मनापासून करणारा माणूस एकच होता. मुंबई-पुण्याहून पोरं गाड्या घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर माझ्या गिऱ्हाइकांच्या शेजारी तासन् तास बसायची.

हिराजीदादा उरणकडच्या खाडीकाठचे कोळी. बाप-आजे होडीवर गेले, हे मात्र इंजिनाकडे वळले. काळे, ठेंगणे, मान थोडी डावीकडे वळवून बघायची सवय. ती सवय का, हे कळायला मला वर्ष लागलं. त्यांचा डावा डोळा काचेचा होता. मी डोळ्यांच्या धंद्यातली बाई, आणि मला वर्षभर कळलं नाही! बसवणाऱ्याने इतका बेमालूम बसवला होता, हे एक. आणि मी समोरच्या माणसाकडे बघते किती, हे दुसरं.

ती हकिगत त्यांनी एकदाच सांगितली, तीही हातातलं काम न थांबवता. चोविशीत असताना मुंबईच्या एका वर्कशॉपात कामाला होते. तार पिळून झाली, उरलेलं टोक पकडीने कापलं. ते टोक उडालं.

“चष्मा नव्हता?” मी विचारलं.

“होता ना. कपालावर होता.” मग म्हणाले, “घाम आलेला म्हनून वर सारला. एवढाच. एक घाम पुसायला जेवढा वेल लागतो ना, तेवढाच.”

तेव्हापासून त्यांचे दोन नियम. गॉगल डोळ्यांवरच, कपाळावर दिसला तर काम बंद. आणि तार कापताना दुसऱ्या हाताची मूठ टोकावर झाकलेली हवी, कापलेला तुकडा मुठीतच राहायला हवा. कापल्यावर ते मूठ उघडून बघायचे, तुकडा मिळाला की तो डब्यात टाकायचे. मिळाला नाही तर सगळं गॅरेज झाडून काढायचं, गिऱ्हाइकासकट. मग शर्यतीच्या दिवशी उशीर होवो नाहीतर आणखी काही.

तिसरा एक नियम होता, आणि मला खरं म्हणजे त्याबद्दलच लिहायचं आहे. ज्याने तार बांधली त्याने ती पास करायची नाही. दुसरे डोळे पाहिजेत.

हे दुसरे डोळे म्हणजे मंदाबाई, त्यांच्या पत्नी. सकाळी बाजारात मासळी विकून त्या दुपारी गॅरेजात यायच्या, डब्यातलं जेवण काढायच्या आणि भिंतीला पाठ लावून बसायच्या. यंत्राचं अक्षर त्यांना येत नव्हतं. पण लहानपणापासून जाळी विणलेली बाई. कुठला पदर कुठून आला आणि कुठे ओढतो, हे तिला एका नजरेत कळायचं. दादांनी तार बांधली की त्या गॉगल लावून गाडीशी उकिडव्या बसायच्या. बोटाने पदराचा माग काढत काढत जायच्या. आणि एकच शब्द बोलायच्या. “हाय” म्हणाल्या की गाडी बाहेर. “नाय” म्हणाल्या की दादा एक अक्षर न बोलता तार कापून टाकायचे आणि नव्याने बांधायला घ्यायचे. नवराबायकोत इतर बाबतीत कडाक्याची भांडणं व्हायची, भिंतीआडून मी सगळी ऐकलेली आहेत. या ‘नाय’वर कधी भांडण झालं नाही.

मुंबईचं एक बडं गिऱ्हाईक एकदा घाईत होतं. मंदाबाई त्या दिवशी बाजारातून यायच्या होत्या. तो म्हणाला, “दादा, तुम्ही केलंय म्हणजे शंभर टक्के बरोबरच असणार. ती मॅडम काय इंजिनीयर आहे का?”

“नाय. ती माजी बायको हाय.”

“मग?”

“मंग तिला माज्या चुका मायती हायत. तुमाला नाय मायती.”

तो चिडून निघाला तर दादांनी त्याच्या गाडीची किल्ली खिशात घातली आणि मंदाबाई येईपर्यंत शांतपणे दुसरं काम केलं. मला त्या माणसाचं तोंड बघून फार बरं वाटलं होतं. दुसऱ्यावर लादलेला नियम आपल्याला नेहमीच आवडतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी दादा माझ्याकडे तक्रार घेऊन आले. गॉगलची काच घासली गेलीय, धुरकट दिसतं, नवा द्या. मी दिला. महिन्याभरात पुन्हा आले, हाही घासला. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी तो गॉगल उजेडात धरून पाहिला. काच नवीकोरी होती.

“बसा खुर्चीत,” मी म्हटलं, “डोळा तपासते.”

“डोला बरा हाय. तुमचा माल खराब हाय.”

“बसा.”

बसले. मी तक्त्याकडे बोट दाखवलं आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. सर्वांत खालची, बारीक अक्षरांचीसुद्धा. इतक्या वेगाने डोळस पोरंही वाचत नाहीत. ते पाढा म्हटल्यासारखं वाचणं मला खटकलं. त्यांना पाणी देण्याच्या निमित्ताने मी उठले आणि तक्ता उलटा करून टांगला. मागची बाजू कोरी, पांढरी.

“पुन्हा एकदा वाचा, दादा.”

आणि त्या कोऱ्या पुठ्ठ्यावरून त्यांनी सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या. एक अक्षर चुकलं नाही.

इतकी वर्षं भिंतीपलीकडून माझी गिऱ्हाइकं ती अक्षरं ओरडून वाचत होती, ती यांना पाठ झालेली होती. माझ्या गप्प राहण्यावरून त्यांना कळलं. हाताने चाचपडत ते उठले, तक्त्यापाशी गेले, पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली, नाक टेकेल इतके जवळ गेले.

“कोरा हाय काय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मंदीला सांगू नका.”

डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन गेले. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. वर्षानुवर्षांची साखर, अंगात मुरलेली, कधी तपासलेली नाही. दिवसाला दहा कप गोड चहा आणि ‘आमाला काय होतंय’. बाहेरून येणाऱ्या एकेका कणाला या माणसाने तीस वर्षं अडवलं, आणि घात झाला तो आतून. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही, आणि बारीक काम बंद करा.

परतताना रिक्षात ते म्हणाले, “ताई, बंद करून करू काय? खाडीवर जाऊन बसू? तिकडं आता मासली पन नाय.”

“एखादी तार चुकली तर?”

“मंदी हाय ना. तिचे दोन डोले हायत. माजा अर्धा. अडीच झाले. तुमच्या-आमच्यापरीस जास्तीच.”

मी हसले. हसायला नको होतं. त्या दिवशी मी कठोर व्हायला हवं होतं, मंदाबाईंना सगळं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण त्या गॅरेजावर माझा जीव होता. आणि खरं सांगायचं तर हिराजीदादांना ‘आता तुम्ही आंधळे होणार’ असं तोंडावर म्हणणारी बाई मला व्हायचं नव्हतं. मंदाबाईंना न सांगताच सगळं कळलेलं होतं, हे मला नंतर समजलं. त्यांच्या ‘नाय’ची संख्या वाढत चालली होती. दादा मुकाट्याने कापत होते, पुन्हा बांधत होते, बोटांनी चाचपून. दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि गाड्या मात्र बरोबर होऊन बाहेर पडत होत्या.

मग मंदाबाई मासळीबाजारात ओल्या फरशीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग माहेरी बहिणीकडे दोन महिने. दादांनी गॅरेज उघडं ठेवलं पण तारेचं काम बंद केलं. चेन लावून दे, ऑइल बदल, असलं काहीबाही करायचे. गिऱ्हाइकांना सरळ सांगायचे, “दुसरे डोले आजारी हायत.”

निशांत हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. उलव्याला राहायचा, कुठल्याशा कंपनीत इंजिनीयर. आई नव्हती, वडील निवृत्त. बोलायला लाघवी, येताना माझ्यासाठीही वडापाव आणायचा. पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार होता. ब्रेकचे पॅड बदलून पुढच्या ब्रेकचे बोल्ट तारेने बांधलेले असल्याशिवाय त्याला तिथे उभं करणार नव्हते. दोन दिवस तो येऊन बसला. दादा नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी गॉगल लावून आत गेले.

“करून द्या की हो दादा. पोरगं किती दिवस खेटे घालतंय.”

“बघनार कोन?”

“मी आहे ना! इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासतेय. माझे काय फुटलेत?”

त्यांनी मान डावीकडे वळवून माझ्याकडे पाहिलं. किती दिसलं असेल, कोण जाणे. “तुमी बघाल नीट?”

“अहो, बघीन म्हणतेय ना.”

त्यांनी बांधलं. मी दुकानात परतले होते. तासाभराने निशांत बोलवायला आला, तेव्हा माझ्या समोर एक बाई फ्रेम घालून आरशात बघत होती, ‘ही की ती’ करत. मी तिला आलेच म्हणाले आणि पळत गेले. मोबाइलचा उजेड मारला. तार सुरेख पिळलेली होती. एकसारखी, घट्ट, टोक आत वळवून दाबलेलं, हात फिरवला तरी टोचणार नाही असं. मी तो पीळ पाहिला. तो पदर बोल्टाच्या कुठल्या अंगाने जातो आणि कुठे ओढतो, हे पाहायचं असतं, हे मला माहीत होतं. त्यांनीच तर मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी पाहिलं नाही. मी पीळ पाहिला, आणि मंदाबाईंची नक्कल करत, कमरेवर हात ठेवून म्हणाले, “हाय!”

निशांत खळखळून हसला. दादाही हसले. मी फ्रेमवाल्या बाईकडे परत गेले.

रविवारी सकाळी पळस्प्याच्या पुढे गोवा रस्त्यावर निशांत गेला. शर्यतीच्या आधी गाडी जरा मोकळी करून आणावी म्हणून निघाला होता. पुढचं चाक एकाएकी अडकलं, गाडी उलटली आणि मागून टेम्पो येत होता. पोलिसांनी अतिवेग लिहिला. पेपरात दोन ओळी आल्या, त्यांतही तेच. ज्याने त्याने तेच म्हटलं. मोटरसायकलवर मेलेल्या तरुणाबद्दल दुसरं काही सुचतच नाही लोकांना.

दादांना ते पटलं नाही. “चाक का अडाकला?” एवढं एकच ते दोन दिवस विचारत राहिले. मग मला म्हणाले, “मना गारी बघायचीय.” मी स्कूटरवर मागे बसवून त्यांना पोलीस ठाण्याच्या आवारात नेलं. जप्त केलेल्या गाड्यांच्या ढिगात ती उभी होती, निम्मी चेपलेली. ते पुढच्या चाकाशी बसले. नेहमीचा गॉगल लावून. आणि बोटं फिरवायला लागले. वरचा बोल्ट जागेवर नव्हताच. तिथे रिकामं भोक, आणि खालच्या बोल्टाला बांधलेल्या तारेवर तो नुसता लोंबत होता. सुटलेला ब्रेक फिरून चाकाच्या आऱ्यांत घुसला होता.

“ताई, तार खालच्याच्या कुठल्या अंगानं जातेय? मना बोटाला लागतंय, पन तुमी बघून सांगा.”

मी बघितलं. या वेळी नीट बघितलं. आणि सांगितलं.

ते आता माझ्याकडे वळतील, आता विचारतील, मी शब्द शोधत होते. ते उठले, गुडघे झटकले.

“बोल्ट आवलला पन कमी असंल,” ते म्हणाले. “जोर दाखवनाऱ्या पान्यावरचे आकडे मना दिसले नव्हते. अंदाजानं आवलला.” आणि मग, “चला. उलव्याला जायचाय.”

“आत्ता?”

“मंग कदी?”

उलव्यात सगळीकडे बांधकामं, धूळ, एकसारख्या इमारती. सातव्या मजल्यावर निशांतचे वडील एकटे होते. मुलाचा फोटो टेबलावर होता, हार नव्हता घातलेला. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. मी शेजारची दुकानदार, आणि हे निशांतची गाडी बघायचे ते, असं सांगितल्यावर बसा म्हणाले.

दादा बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. “सायब, तुमचा पोरगा जोरात होता म्हनून नाय मेला. ब्रेकचा बोल्ट सुटला. तो मी बांधला होता. उलटा बांधला. मना दिसत नाय, आनि मी कोनाला सांगितला नव्हता. माजी चूक हाय.”

एवढंच. मी त्यांच्या शेजारी उभी होते. तीन फुटांवर. ‘आणि मी पास केला’ एवढे चार शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

वडील दादांच्या काचेच्या डोळ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “मी त्याचा चेहरासुद्धा नीट बघितला नाही शेवटचा. इतका राग आला होता. म्हटलं, हजारदा सांगितलं स्पीड कमी ठेव, ऐकलं नाहीस ना, भोग. अग्नी देतानाही मनात शिव्याच होत्या माझ्या.” ते पुढे झुकले. “तो हळू चालवत होता?”

“तार तुटली असती जोरात असता तर, ती तुटलेली नाय. बोल्ट आपोआप सुटत गेलाय, हलूहलू,” दादा म्हणाले. हे खरं होतं की त्या बापासाठी तिथल्या तिथे रचलं होतं, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

वडील उठले. मला वाटलं मारतात की काय. ते टेबलाशी गेले आणि मुलाचा फोटो दोन्ही हातांत घेऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. पाठमोरेच म्हणाले, “मला तक्रारबिक्रार काही करायची नाही. पण तुम्ही आता जा. पुन्हा येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी दादांनी गॅरेज रिकामं केलं. शिकंजा, ड्रिल, तारेची रिळं, सगळं ओळखीच्या एकाला देऊन टाकलं. मी मदतीला गेले तर टोपलीतला गॉगल पुढे करायला त्यांचा हात सवयीने वर गेला, मग खाली आला. ते उरणकडे आपल्या गावी गेले. भिंतीपलीकडे आता मोबाइलचं दुकान आहे. तिथून गाणी येतात, आणि माझी गिऱ्हाइकं मला ऐकू येतात.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. मनाशी ठरवून गेले होते की सगळं बोलायचं. मंदाबाई ओट्यावर सुकी मासळी निवडत बसल्या होत्या, काठी शेजारी टेकवलेली. दादा आत झोपले होते. मंदाबाईंनी मला पाणी दिलं आणि मासळीवरून नजर न उचलता म्हणाल्या, “त्यानं कोनाचा नाव घेतला नाय. मना पन सांगत नाय. पन मी तं बहिनीकडं होती. मंग ‘हाय’ कोन बोल्ला?”

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसवल्या असत्या. त्यांनी एक सुकट उचलून टाकली, दुसरी टोपलीत ठेवली. मग म्हणाल्या, “मना वाटलाच होता. दुसऱ्या कोनाला त्यानं बघू दिला नसता. तुमाला डोल्यातला कलतो, असा मानायचा तो.”

तेवढ्यात दादा भिंत धरून बाहेर आले. माझा आवाज ऐकून हसले. उरलेला डोळाही गेला होता. उजेड-अंधार तेवढा कळतो म्हणाले. दुकान कसं चाललंय, पायजम्याच्या नाड्या कोण वापरतंय, असं विचारत राहिले. मी निघाले तर म्हणाले, रस्त्यापर्यंत येतो. मी नको म्हटलं, मंदाबाईही नको म्हणाल्या. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चालायला लागले.

वाटेत मी म्हटलं, “दादा, मी उलव्याला जाऊन येणार आहे. त्यांना सांगते की माझंही...”

“नाय जायचा.”

“पण चूक माझीही होती.”

“होती,” ते म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. “पन त्या मानसाला आता पोराचा राग येत नाय. माजा येतो. त्याचा बसलाय सगला नीट. तुमी जाऊन सांगनार, तो परत पयल्यापासून सगला उसवनार. तुमाला हलका वाटंल. त्याचा काय?”

मी उलव्याला गेलेले नाही. दादांनी सांगितलं म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला समजावते. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी गेले असते का, ते मला कळत नाही. म्हणजे कळतं.

रिक्षा आली. ते बाजूला झाले, हात जोडले. रिक्षा जरा पुढे गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. मला सोडायला आले होते खरे, पण परत जायची वाट त्यांना दिसत नव्हती. रस्त्याच्या कडेला ते तसेच उभे होते, एक पाऊलही न हलता. आणि लांबून मंदाबाई काठी टेकत, थांबत थांबत, त्यांना न्यायला येत होत्या.